बारच्या मालकिणीच्या नावाचा चौक

लॉस एंजेलिस शहरात पिको बुलेवार्ड नावाचा एक लांबलचक रस्ता आहे. त्यावरच्या एका चौकाला २०१९ साली तिथल्या नगर परिषदेने ज्वेल थेस-विल्यम्स यांचं नाव दिलं. आपल्याकडे चौकांना कुणाची नावं असतात ते सांगायला नको. हुतात्मे, संत, पुढारी, नाहीतर पुढाऱ्यांचे वडील. ज्वेल यांपैकी कोणीच नव्हत्या. त्या कृष्णवर्णीय होत्या, समलिंगी होत्या आणि त्याच चौकाजवळ ४२ वर्षं एक गे बार चालवत होत्या. ७ जुलै २०२५ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांच्याबद्दल लिहितोय म्हटल्यावर पहिला आक्षेप घरातूनच आला. माझी मोठी आपा सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, "तुला दुसरा विषय नाही का मिळाला? दारू विकणारी बाई, त्यात बाईबरोबर संसार करणारी. तिचा कसला सन्मान करायचा?"

आपाला चटकन उत्तर देता आलं नाही. आक्षेप तिचा एकटीचा नव्हता हेही मला माहीत होतं. हा लेख वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात तो आत्ता आला असेल. काहींच्या मनात वेगळीच धाकधूक असेल. हा लेख उघडलाय हे घरात कुणी पाहिलं तर काय म्हणतील, अशी. दोघांनीही थोडं थांबून या बाईंची गोष्ट ऐकावी, एवढीच विनंती.

बारच का?

ज्वेल यांचा जन्म १९३९ सालचा, इंडियाना राज्यातल्या गॅरी या गावचा. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. ज्वेल लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इतिहास शिकल्या आणि नंतर त्यांनी बायकांच्या कपड्यांचं दुकान काढलं. सत्तरच्या दशकात मंदी आली, तसा बायकांनी कपड्यांवरचा खर्च आधी कमी केला. दुकान चालेना. मंदीतही चालेल असा कोणता धंदा आहे, याचा विचार करता करता त्या बारपर्यंत पोचल्या. १९७३ साली त्यांनी पिको बुलेवार्डवरची एक जागा घेतली. या धंद्याचा अनुभव त्यांना शून्य होता. कॅलिफोर्नियात तर दोनच वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक बायकांना बारच्या काउंटरमागे उभं राहून दारू बनवून द्यायलाही कायद्याने बंदी होती. १९७१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला होता.

म्हणजे सुरुवात पोटापाण्यासाठी झाली. समाजसेवेचा कसलाही आव त्यात नव्हता. मला ही गोष्ट आवडते. आपल्याकडे कार्यकर्त्यांच्या चरित्रांत बालपणापासूनच समाजाची तळमळ असते. इथे कपड्यांचं दुकान बुडत होतं, एवढंच होतं.

आता प्रश्न असा की समलिंगी माणसं जमायची ती बारमध्येच का? यामागे त्या काळचा कायदा होता. १९७३ साली कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध हा गुन्हा होता. तो रद्द करणारा कायदा १९७५ साली मंजूर झाला आणि १९७६ च्या सुरुवातीपासून लागू झाला. घरच्यांना कळलं तर घर जायचं, साहेबाला कळलं तर नोकरी. चर्चमध्ये जागा नाही. बागेत बसलं तर पोलीस. उरायचा तो कोपऱ्यावरचा बार. तिथेही धाडी पडतच. त्याच शहरातल्या ब्लॅक कॅट नावाच्या बारमध्ये १९६७ चं नवं वर्ष उजाडताच साध्या वेशातले पोलीस शिरले आणि माणसांना मारहाण करून पकडून नेलं. त्याविरुद्ध फेब्रुवारीत लोक फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध स्टोनवॉल उठावाच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

आपल्या मोहल्ल्यात जे काम नाक्यावरची चहाची टपरी करते, मशिदीबाहेरचा कट्टा करतो, ते काम तिथे या बारांनी केलं. कुणाची नोकरी गेली, कुणाला खोली हवी आहे, कोण आजारी आहे, कोण तुरुंगात आहे, हे तिथे कळायचं. त्यामुळे बारचा मालक किंवा मालकीण हा त्या समाजाचा नकळत पुढारी होऊन बसे. काही मालकांनी या भूमिकेचा फक्त पैसा केला. ज्वेल यांनी काय केलं ते पुढे सांगतो.

दारावरचं ओळखपत्र

त्यांच्या क्लबचं नाव पुढे 'कॅच वन' पडलं. तो लोकप्रिय होण्यामागे एक कडवट कारण होतं. शहराच्या पश्चिमेला गोऱ्या समलिंगी पुरुषांचे झगमगीत क्लब होते. तिथे गोऱ्या पुरुषाला सहज आत सोडत. कृष्णवर्णीय माणूस आला किंवा बाई आली, की एक ओळखपत्र पुरत नसे. दुसरं दाखवा, तिसरं दाखवा, याच्यावर फोटो नाही, आज जागा नाही. तोंडावर "तू नको" असं कुणीच म्हणत नसे. नियम पुढे केला जाई.

हा अनुभव आपल्याला नवा आहे का? पुण्यात, मुंबईत, ठाण्यात भाड्याने घर शोधणाऱ्यांनी सांगावं. फोनवर सगळं ठरतं. भाडं, डिपॉझिट, कधी राहायला यायचं. मग समोरचा विचारतो, "नाव काय म्हणालात?" आणि पुढच्याच वाक्यात फ्लॅट कालच गेलेला असतो. तिथेही तोंडावर कुणी काही बोलत नाही. सोसायटीचा नियम पुढे केला जातो.

फरक एवढाच की पिको बुलेवार्डवर येणाऱ्यांना ज्यांनी दारावर अडवलं होतं, ती माणसं स्वतःच छळलेली होती. पोलिसांनी ज्यांची डोकी फोडली, त्यांनीच आपल्या दारावर रंग बघून माणसं परत पाठवली. छळ सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. हे आपण स्वतःपुरतं लक्षात ठेवायला हवं, कारण आपणही सोसलेले लोक आहोत आणि आपल्याही हातात काही दारं आहेत.

हाजी अलीचंच उदाहरण घ्या. दर्ग्याच्या गाभाऱ्यात बायकांना जायला बंदी घातली गेली, तेव्हा ती घालणारे कुणी बाहेरचे नव्हते. त्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या बायका आपल्याच होत्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. बाहेर आपण भेदभावाबद्दल बोलत होतो आणि आत आपल्याच बहिणी दाराशी उभ्या होत्या.

ज्वेल यांनी आपल्या दारावर वेगळं धोरण ठेवलं. जे कुठेही चालत नाहीत ते इथे चालतील. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष, बायका, तृतीयपंथी, आसपासच्या वस्तीतले कामगार, सगळे येऊ लागले. मग गाणारे, नाचणारे, नट आणि नट्याही येऊ लागल्या. २००० साली मडोनाने आपल्या नव्या अल्बमचा समारंभ तिथे केला. सुरुवातीची वर्षं मात्र पोलिसांच्या फेऱ्यांत गेली. १९८५ साली क्लबला आग लागून मोठं नुकसान झालं. ज्वेल यांनी तो पुन्हा उभा केला.

पाद्री आणि बारवाली

त्याच सुमारास त्यांच्यापुढे आगीपेक्षा मोठं संकट होतं. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. पुढच्या काही वर्षांत क्लबच्या नेहमीच्या चेहऱ्यांपैकी एकेक दिसेनासा व्हायला लागला. औषध नव्हतं. पहिलं औषध १९८७ च्या मार्चमध्ये मंजूर झालं. राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी या रोगावर पहिलं मोठं भाषण केलं तेही त्याच वर्षी मे महिन्यात. तोवर हजारो माणसं गेली होती. कुठे नर्स खोलीत जेवणाचं ताट न्यायला तयार नव्हत्या, कुठे अंत्यविधी करणारे प्रेताला हात लावायला तयार नव्हते.

मदतीसाठी ज्या संस्था उभ्या राहिल्या त्या बहुतेक गोऱ्यांच्या वस्तीत, गोऱ्या माणसांनी गोऱ्या माणसांसाठी चालवलेल्या. कृष्णवर्णीय वस्तीत तर हा रोग आपला नाहीच, असा समज होता. अनेक चर्चमध्ये त्याचं नाव घ्यायचीही सोय नव्हती.

अशा वेळी कार्ल बीन नावाचे एक पाद्री पुढे आले. ते आधी गायक होते, स्वतः समलिंगी होते आणि त्यांनी सर्वांसाठी खुलं असं स्वतःचं चर्च स्थापन केलं होतं. १९८५ साली त्यांनी 'मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट' सुरू केला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रुग्णांसाठी काम करणारी ही संघटना उभी करण्यात ज्वेल यांचा हात होता. शहरातल्या 'एड्स प्रोजेक्ट लॉस एंजेलिस' या मोठ्या संस्थेच्या संचालक मंडळावरही त्यांनी काम केलं.

एक पाद्री आणि एक बारवाली. बाकीच्यांनी तोंड फिरवलं तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी हे दोघे होते. आपल्या मौलानांनी आणि आपल्या टीकाकारांनी, दोघांनीही या जोडीचा विचार करावा असं मला वाटतं. धर्म मानणारी व्यक्ती आणि धर्माच्या चौकटीबाहेर राहणारी व्यक्ती एकत्र काम करू शकतात. काम पुरेसं निकडीचं असलं म्हणजे झालं.

ज्वेल आणि त्यांची जोडीदार रू यांनी मिळून आणखी एक गोष्ट केली. एड्स झालेल्या बायका आणि त्यांची मुलं यांच्यासाठी राहण्याची सोय. तिचं नाव 'रूज हाउस'. अमेरिकेतल्या अशा प्रकारच्या अगदी पहिल्या घरांपैकी ते एक होतं. त्या काळी एड्स म्हणजे पुरुषांचा रोग असं सगळे समजत होते. आजारी बाईला घरातून काढलं जाई, कुणी खोली देत नसे, आणि कडेवर पोर असे.

हे मी आपाला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली. मग म्हणाली, "आई गेल्यावर त्या पोरांचं काय करायचे?" तिने तिच्या नोकरीत अशा बायका पाहिल्या आहेत. नवऱ्याकडून रोग आलेला आणि घराबाहेर काढलेली मात्र बायको. आपल्या महाराष्ट्रातही या रोगात आधी धावून कोण आलं ते आठवावं. सांगलीत १९९२ साली 'संग्राम' ही संस्था सुरू झाली आणि तिच्यातून पुढे वेश्याव्यवसायातल्या बायकांची 'व्हॅम्प' ही संघटना उभी राहिली. ज्यांचं नाव घ्यायलाही आपण लाजतो, त्या बायकांनी गल्लीगल्लीत जाऊन कंडोम वाटले, एकमेकींना दवाखान्यात नेलं. इज्जतदार माणसं तेव्हा रोग कुणामुळे पसरला याची चर्चा करत होती.

दारू विकणं आणि दारू सोडवणं

आता आपाच्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. दारूचं काय?

हा आक्षेप टाळून पुढे जाणं बरोबर नाही. आपल्या वस्त्यांत दारूने किती घरं बसवली ते आपण पाहतो. ज्वेल यांनीही ते पाहिलं असणार, आणि तेही काउंटरच्या आतल्या बाजूने. ४२ वर्षं हा धंदा करणाऱ्या बाईला त्याची किंमत कळली नसेल असं म्हणवत नाही.

त्यांनी पुढे काय केलं ते बघा. 'रूज हाउस'ची गरज बदलली तेव्हा तिथे व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या राहण्याची सोय केली. स्वतः साठीच्या उंबरठ्यावर असताना त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि पौर्वात्य वैद्यकाची पदवी घेतली. २००१ साली क्लबच्या शेजारीच 'व्हिलेज हेल्थ फाउंडेशन' हा आरोग्य-उपक्रम सुरू केला. रक्तदाब, मधुमेह, चुकीचं खाणं यांनी गांजलेल्या वस्तीतल्या लोकांना तिथे परवडेल अशा खर्चात ॲक्युपंक्चरचे उपचार आणि आहाराचं शिक्षण मिळू लागलं. रात्री जिथे नाच चाले, त्याला लागूनच दिवसा दवाखाना.

यात विसंगती आहे. ती मी झाकणार नाही आणि कुणी झाकूही नये. पण ज्याच्या आयुष्यात एकही विसंगती नाही अशाच माणसाचा सन्मान करायचा ठरवला, तर चौकांच्या पाट्या कोऱ्या ठेवाव्या लागतील. सन्मान म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. या माणसाने आपल्यासाठी हे काम केलं आणि आम्ही ते विसरलो नाही, एवढं समाजाने जाहीरपणे सांगणं म्हणजे सन्मान. मी दारू पीत नाही, पिणार नाही. ज्वेल यांच्या कामाला सलाम करायला मला ते मत बदलावं लागलं नाही.

मग आपण काय करायचं?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. समलिंगी संबंधांबद्दल बहुतेक उलेमांचं मत काय आहे हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. त्या वादाचा निकाल या लेखात लागणार नाही. तो लावायची माझी पात्रताही नाही. माझा प्रश्न साधा आहे. निकाल लागेपर्यंत घराबाहेर काढलेल्या पोराने कुठे झोपायचं?

अशी पोरं आपल्यात आहेत. मोहल्ल्यात आहेत, मदरशात आहेत, इंजिनीअरिंगला आहेत, निकाहसाठी ज्यांना स्थळं बघणं चालू आहे त्यांतही आहेत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. कायद्याने एक दार उघडलं. पण पोलिसाची भीती कमी झाली म्हणून अब्बांची भीती कमी होत नाही. आणि घर सोडून बाहेर पडलेल्या मुलाला मग दुहेरी दार लागतं. मुसलमान म्हणून एक खोली मिळत नाही, समलिंगी म्हणून दुसरी. शहरातल्या समलिंगी मित्रमंडळातही त्याच्या नावावर कुणीतरी विनोद करतंच. ज्वेल यांच्या दाराशी जे लोक आले होते त्यांची गोष्ट याहून फार वेगळी नव्हती.

तुमच्यापैकी कुणी असा असेल, अशी असेल, तर हे तुमच्यासाठी. तुम्ही पहिले नाही आणि एकटे तर नाहीच. आणि बाकीच्यांसाठी तीन गोष्टी सांगतो. त्या करायला पैसा लागत नाही.

कुणी विश्वासाने काही सांगितलं तर ते आपल्यापाशीच ठेवा. घरच्यांच्या भल्यासाठी म्हणून ती बातमी पोचवणारा मित्र हा अशा मुलांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धोका असतो. दुसरं, चेष्टेच्या शिव्या बंद करा. कट्ट्यावर बसलेल्या दहांपैकी एकाला ती शिवी लागत असते आणि तोही तुमच्याबरोबर हसत असतो. तिसरं, तुमच्या हातात जे दार असेल ते तपासा. मंडळाचं वाचनालय असेल, रक्तदान शिबिर असेल, कॉलेजची खोली असेल, रमजानमधली इफ्तारची पंगत असेल. तिथे कुणाकडे जास्तीचं ओळखपत्र मागितलं जातं, हे एकदा बघा. बुरखा घालणारीकडे की न घालणारीकडे? दुसऱ्या बिरादरीच्या मुलाकडे? तलाकशुदा बाईकडे? हिजड्याकडे?

कोरोनाच्या लाटेत आपल्या पोरांनी काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. नातेवाईक हात लावायला घाबरत होते, तेव्हा मुस्लिम तरुणांनी अनोळखी हिंदूंची प्रेतं स्मशानात नेली आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे अग्नी दिला. तेव्हा कुणी विचारलं नाही की मेलेला माणूस कसा जगला होता, दारू पीत होता का, कुणावर प्रेम करत होता. खिदमतीचा हा रिवाज आपल्याकडे आहेच. तो मेलेल्यांसाठी पाळतो तसा जिवंतांसाठी पाळायचा, एवढंच मी मागतो आहे.

ज्वेल यांनी २०१५ साली क्लब विकला. २०१६ साली त्यांच्यावर माहितीपट निघाला, त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या प्राइड मिरवणुकीच्या त्या मानकरी होत्या, आणि मग तो चौक. सन्मान आले ते पंचाहत्तरी उलटल्यावर. त्याआधीची ४० वर्षं त्या रोज संध्याकाळी एक दार उघडत होत्या.

लेख लिहून झाल्यावर आपाला वाचायला दिला. दारूबद्दलचं तिचं मत तसंच आहे, दुसऱ्या गोष्टीबद्दलचंही फारसं बदललेलं नाही. लेख परत देताना एवढंच म्हणाली, "ती आमच्या दवाखान्यात आली असती, तर मी तिला खुर्ची दिली असती." आपल्या वस्तीत सुरुवात एवढ्यापासून झाली तरी मला चालेल.